रॉक ग्रुपचं ग्रॅमी: याद्या का जुळत नाहीत, आणि विभाग पाडायचे तर कसे?

टिळकवाडी_चार_तारा

नमस्कार. बेळगावात कॉलेजच्या गॅदरिंगला यंदा रॉक संगीतावर प्रश्नमंजुषा आहे आणि दुसऱ्या दिवशी बँडची स्पर्धा. प्रश्नमंजुषेतली एक अख्खी फेरी रॉक ग्रुपला मिळणाऱ्या ग्रॅमीवर ठेवायची म्हणतोय, पण हाताला लागलेल्या याद्या एकमेकींशी भांडू लागल्यात. यादीतला पहिला, ईगल्सचा पुरस्कार एकीत १९७९ चा, दुसरीत १९८० चा. यू-टूचे कुणी सात लिहितंय, कुणी बावीस. जेथ्रो टलचं नाव सगळ्यांच्या तोंडी, पण ग्रुपच्या यादीत ते कुठंच नाही. आणि २०११ च्या पुढं यादीच संपते. पुरस्कार बंद झाला की नाव बदललं?

दुसरं म्हणजे स्पर्धा. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी धरून दहा-बारा बँड येतील, एखादा कोल्हापूरचा किंवा गोव्याचा. मराठी, कन्नड, कोकणी, इंग्रजी, काहीही गायलं तरी चालणार आहे. कमिटीतल्या काहींचा आग्रह आहे की ग्रुप वेगळा, सोलो वेगळा, मेटल (रॉकचाच जास्त जड प्रकार) वेगळं असं करायचं, 'ग्रॅमीत तसंच असतंय की'. तिथं नेमकं कसं केलं आणि कुठं घोळ झाला, माहीतगारांनी तेवढं सांगा की ओ.

खानापूर_रोड

आधी सालाचं मिटवू. ग्रॅमी मिळतं आदल्या हंगामातल्या ध्वनिमुद्रणाला आणि सोहळा होतो पुढच्या वर्षी, बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत. ईगल्सचं 'हार्टएक टुनाइट' बाजारात आलं सप्टेंबर १९७९ मध्ये, पुरस्कार हातात पडला २७ फेब्रुवारी १९८० ला. तुमच्या दोन्ही याद्या बरोबरच आहेत. एकीनं गाण्याचं साल धरलंय, दुसरीनं सोहळ्याचं. प्रश्नपत्रिकेवर वरतीच 'सर्व सालं सोहळ्याची' असं छापा, म्हणजे निकालानंतर टेबलाभोवती गर्दी होणार नाही. खाली मी सोहळ्याचंच साल देतोय.

ग्रॅमीचा पहिला सोहळा मे १९५९ चा. रॉक तेव्हा बाहेरच उभं होतं. १९६२ मध्ये रॉक अँड रोल ध्वनिमुद्रणाचा एक विभाग निघाला, तो चबी चेकरला 'लेट्स ट्विस्ट अगेन'साठी मिळाला. पण गाणारा ग्रुप रॉकचा असला तरी त्याला पॉपच्या किंवा तत्सम विभागातच जावं लागायचं. बीटल्सना १९६५ मध्ये 'अ हार्ड डेज नाइट'साठी जो मिळाला तो नुसता गायक-समूहाचा पुरस्कार होता, रॉकचा नव्हे.

रॉकचा स्वतंत्र दालनवजा हिशेब १९८० ला सुरू झाला आणि तोही एकदम चार विभागांनी: गायिका (डॉना समर, 'हॉट स्टफ'), गायक (बॉब डिलन, 'गॉटा सर्व्ह समबडी'), गाणारी जोडी किंवा ग्रुप (ईगल्स) आणि निव्वळ वादन (विंग्ज, 'रॉकेस्ट्रा थीम'). तुमची फेरी यातल्या तिसऱ्या विभागावर आहे. तो १९८० ते २०११ असे सलग ३२ सोहळे दिला गेला.

यू-टूला या एका विभागात सात: १९८८, १९८९, १९९३, २००१, २००२, २००५, २००६. बावीस हा त्यांचा सगळ्या विभागांतला मिळून आकडा. एरोस्मिथला चार: १९९१, १९९४, १९९५, १९९९. म्हणजे ३२ पैकी ११ फक्त या दोघांनी नेलेत. दोनदा मिळवणारे दोघंच, द पोलिस (१९८२, १९८४) आणि किंग्ज ऑफ लिऑन (२००९, २०१०). बाकी सगळे एकेकदा. शेवटचे मानकरी द ब्लॅक कीज, २०११, 'टायटन अप'.

पोलिसांच्या बाबतीत एक सापळा आहे, तो मुद्दाम लावा. १९८२ ला त्यांना एकाच रात्री दोन रॉक ग्रॅमी मिळाली: 'डोन्ट स्टँड सो क्लोज टू मी'साठी ग्रुपचं आणि 'बिहाइंड माय कॅमल'साठी वादनाचं. दोन्ही एकाच अल्बममधली. वादनाचं ते १९८१ लाही घेऊन गेले होते. म्हणून 'पोलिसांना रॉकची किती' असं मोघम विचारलंत की भांडण ठरलेलं. विभागाचं नाव प्रश्नातच घाला.

कॅम्प_साउंडचेक

वरच्यात थोडी भर. या विभागाला सगळे 'बँडचा पुरस्कार' म्हणतात, पण नियमात बँड असण्याची अट कधीच नव्हती. नोंद एकाहून जास्त कलाकारांच्या नावावर हवी आणि गाण्यात गळा हवा, एवढंच. म्हणून यादीत तीन जातीची नावं दिसतात.

एक, खरोखरचे बँड. दोन, पुढे एकाचं नाव आणि मागे साथीदार: १९८१ चे बॉब सीगर आणि सिल्व्हर बुलेट बँड, १९८५ चे प्रिन्स आणि द रेव्होल्यूशन. ही मंडळी ग्रुपमध्ये बसली, कारण नोंदच तशा नावानं होती. तीन, एका गाण्यापुरते जुळलेले: १९९२ ला बॉनी रेट आणि डेलबर्ट मॅक्लिंटन, २००० ला सँटाना आणि एव्हरलास्ट, २००४ ला वॉरन झेवॉन आणि ब्रूस स्प्रिंगस्टीन. झेवॉन सप्टेंबर २००३ मध्ये गेले, त्यामुळं त्यांचा हा पुरस्कार मरणोत्तर आहे. युरिदमिक्स (१९८७), व्हाइट स्ट्राइप्स (२००८) आणि ब्लॅक कीज दोघा-दोघांचेच, पण ते कायमचे बँड, त्यांची गल्लत तिसऱ्या गटाशी करू नका.

आणखी एक गोष्ट याद्यांतून हमखास निसटते. सुरुवातीला या विभागात गाणं आणि अख्खा अल्बम दोन्ही चालायचे. सीगरना 'अगेन्स्ट द विंड' अल्बमसाठी, पोलिसांना १९८४ ला 'सिंक्रोनिसिटी' अल्बमसाठी, यू-टूला १९८८ ला 'द जोशुआ ट्री'साठी आणि १९९३ ला 'अख्टुंग बेबी'साठी मिळालं. यातल्या काही अल्बमांत त्याच नावाचं गाणंही आहे, त्यामुळं याद्या बनवणारे ते गाणंच विजेतं समजून बसतात. १९९४ पासूनचे सगळे विजेते मात्र गाणी आहेत. १९९५ ला रॉक अल्बमचा वेगळा विभाग आला, पहिला मान रोलिंग स्टोन्सच्या 'वूडू लाउंज'ला. गाणं लिहिणाऱ्यासाठीचा विभाग त्याआधी १९९२ ला सुरू झाला होता, तिथं पहिले स्टिंग, 'द सोल केजेस'साठी. या तिघांत फरक पक्का ठेवा: सादरीकरणाचा पुरस्कार गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना, गाण्याचा तो लिहिणाऱ्यांना, अल्बमचा संपूर्ण तबकडीला.

मुदतीचं गणितही समजून घ्या. पुष्कळ वर्षं हंगाम १ ऑक्टोबर ते पुढचा ३० सप्टेंबर असा धरला जायचा. यू-टूनं त्याचा केवढा फायदा उठवला बघा. २००० चा त्यांचा अल्बम आला ३० ऑक्टोबरला, म्हणजे मुदत उलटून महिना झाल्यावर. पण 'ब्यूटिफुल डे' त्याआधीच रेडिओवर पोचलं होतं. परिणाम असा की गाण्याला २००१ ला पुरस्कार, आणि अल्बमला व त्यातल्या बाकीच्या गाण्यांना पुढच्या सोहळ्याचं दार उघडं. २००२ ला त्याच अल्बममधल्या 'एलिव्हेशन'नं पुन्हा हाच विभाग जिंकला. २००५ आणि २००६ ला तेच: 'व्हर्टिगो' सप्टेंबर २००४ मध्ये बाहेर, अल्बम नोव्हेंबरात. सातातले चार पुरस्कार या दोन अल्बमांतूनच आलेत. संगीत चांगलं होतंच, पण कॅलेंडरही त्यांच्या बाजूनं होतं.

निपाणी_डबल_पेडल

जेथ्रो टलचं मी सांगतो, कारण मेटल वेगळं काढायचं की नाही याचं उत्तर त्यातच आहे.

टल ग्रुपच्या यादीत सापडणार नाहीत, कारण त्यांचा पुरस्कार त्या विभागातला नाहीच. १९८९ ला ग्रॅमीनं पहिल्यांदा हार्ड रॉक आणि मेटल मिळून एक विभाग काढला. नामांकनं पाच: एसी/डीसी, इगी पॉप, जेन्स अॅडिक्शन, मेटॅलिका आणि जेथ्रो टल. '...अँड जस्टिस फॉर ऑल' घेऊन आलेली मेटॅलिका जिंकणार हे सगळ्यांनी धरून चाललेलं. मेटॅलिका त्या रात्री मंचावर वाजवूनही गेली. पाकीट उघडलं अॅलिस कूपर आणि लिटा फोर्ड यांनी, आणि नाव निघालं 'क्रेस्ट ऑफ अ नेव्ह'साठी टलचं. टलची मंडळी सभागृहात नव्हतीच. जिंकायची शक्यता नाही असं समजून ती आलीच नव्हती.

लोक याला परीक्षकांचा अडाणीपणा म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. तीन कारणं एकत्र आली. विभागाच्या नावात दोन प्रकार होते, त्यामुळं टल 'हार्ड रॉक'च्या खिडकीतून आत आले आणि नियमाप्रमाणं त्यात गैर काही नव्हतं. दुसरं, अंतिम मतदान ग्रॅमी देणाऱ्या अकादमीच्या सगळ्या सभासदांत व्हायचं, त्यात मेटल ऐकणारे थोडे आणि वीस वर्षं नाव माहीत असलेल्या ग्रुपला ओळखणारे जास्त. तिसरं, एकेकाला एकच मत आणि सगळ्यात जास्त मतं तो विजेता. मतं पाच जणांत फुटली की थोडक्या मतांवरही जिंकता येतं.

पुढच्याच वर्षी, १९९० ला, दोन्ही तुकडे केले. हार्ड रॉकचा पहिला लिव्हिंग कलरला, 'कल्ट ऑफ पर्सनॅलिटी'. मेटलचा पहिला मेटॅलिकाला, 'वन'. मेटलमध्ये १९९१ आणि १९९२ लाही मेटॅलिकाच. १९९२ ला मेटॅलिकाचा ड्रमर लार्स उल्रिकनं मंचावरून टलचे आभार मानले, यंदा अल्बम काढला नाहीत म्हणून! (टल ओळखले जातात बासरीसाठी, म्हणून त्यांच्या कंपनीनंही १९८९ नंतर छापील जाहिरातीत बासरी हे हेवी मेटल वाद्य असल्याची कोटी केली होती. चिडचिडीपेक्षा बरी.)

नंतर २०१२ ला दोघं पुन्हा एकत्र, फू फायटर्सना. २०१३ ला हेलस्टॉर्म. २०१४ ला मेटल परत वेगळं निघालं, ब्लॅक सबाथला मिळालं, आणि हार्ड रॉकला थेट सर्वसाधारण रॉकमध्ये ढकललं. एवढी ओढाताण पंचवीस वर्षांत झाली.

टिळकवाडी_चार_तारा

भारी. आता एक विचारतो, कारण आमच्याकडं प्रेक्षकांतून पहिला प्रश्न हाच येणार: क्वीनला मिळालाय का? पाचगणीच्या शाळेत शिकलेला त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे इकडच्या पोरांना घरचाच वाटतो.

खानापूर_रोड

नाही. क्वीनला स्पर्धेतलं एकही ग्रॅमी मिळालेलं नाही. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'ला १९७७ ला दोन नामांकनं होती, एक पॉप ग्रुप-गायनाचं आणि एक गायनाच्या संयोजनाचं. रॉकचा विभागच तेव्हा नव्हता, म्हणून पॉप. रॉक ग्रुपच्या विभागात ते आले १९८१ ला, 'अनदर वन बाइट्स द डस्ट' घेऊन, आणि सीगरनी नेलं. गंमत म्हणजे क्वीनच्या 'स्टोन कोल्ड क्रेझी' या गाण्याला ग्रॅमी आहे, पण ते १९९१ चं मेटलचं आणि वाजवलंय मेटॅलिकानं. सादरीकरणाच्या विभागात दुसऱ्याचं गाणं चालतं, त्याचा हा सरळ पुरावा.

लेड झेपेलिनही या विभागाच्या यादीत नाहीत. विभाग सुरू झाला त्याच वर्षी ते फुटले. 'मोठा बँड म्हणजे असेलच' या अंदाजानं उत्तर देणारे इथं हमखास पडतात.

चिकोडी_मिक्सर

२०११ नंतरचं राहिलं. पुरस्कार बंद झाला म्हणणं बरोबर, आणि विलीन झाला म्हणणंही बरोबर. एप्रिल २०११ मध्ये अकादमीनं १०९ विभागांचे ७८ केले. सोलो, ग्रुप आणि वादन हे तिन्ही मिळून २०१२ पासून 'रॉक सादरीकरण' असा एकच विभाग. पहिला फू फायटर्सना, 'वॉक'.

सोलोकडची चुळबूळ त्याआधीपासून होतीच. गायक-गायिका हे दोन विभाग १९८८ ला एक झाले, मग पुन्हा वेगळे, पुन्हा एक, आणि २००५ पासून एकच राहिले. कारण साधं आहे: गायिकांच्या बाजूला पुरेशा नोंदी जमत नसत.

विलीनीकरणाचा ग्रुपवाल्यांना तोटा झाला का, हे विजेत्यांवरूनच बघा. २०१७ डेव्हिड बोवी, २०१८ लिओनार्ड कोहेन, २०१९ ख्रिस कॉर्नेल. सलग तीन सोलो, आणि तिघंही पुरस्काराच्या वेळी हयात नव्हते. २०२० गॅरी क्लार्क ज्युनियर, २०२१ फियोना अॅपल. पाच वर्षं एकाही ग्रुपला नाही. जुना विभाग असता तर त्या पाचही वर्षी कुठल्यातरी ग्रुपला मिळालाच असता. उलट बाजूही आहे: २०२१ ला सहाच्या सहा नामांकनं बायकांची किंवा बाई पुढं असलेल्या ग्रुपची होती. वेगळ्या रांगा नसतानाही ते जमलं. २०२४ ला बॉयजीनियस, आणि २०२५ ला चक्क बीटल्स, 'नाउ अँड देन'. लेननच्या जुन्या घरगुती कॅसेटवरचा आवाज पियानोपासून वेगळा काढायला संगणकाची मदत घेतली होती, गाणं नोव्हेंबर २०२३ मध्ये आलं. १९७० ला फुटलेल्या ग्रुपला रॉक विभागातलं पहिलं ग्रॅमी ५५ वर्षांनी. हा प्रश्न शेवटच्या फेरीला ठेवा.

आता तुमची स्पर्धा. त्याच २०११ च्या फेररचनेतला एक नियम तुमच्या कमिटीला वाचून दाखवा: एखाद्या विभागात ४० पेक्षा कमी नोंदी आल्या तर पाचाऐवजी तीनच नामांकनं, २५ पेक्षा कमी आल्या तर त्या वर्षी विभाग बंद आणि नोंदी जवळच्या विभागात, आणि तीन वर्षं ओळीनं तसंच झालं तर विभाग कायमचा रद्द. त्यांच्याकडं ढिगानं नोंदी येऊन ही काटकसर. तुमच्याकडं बारा बँडांचे तीन विभाग केलेत तर मेटलमध्ये दोन उरतील, आणि दोनातला दुसरा नंबर म्हणजे शेवटचाच की ओ. विभाग एकच ठेवा. वर वैयक्तिक बक्षिसं तीन: गायन, वादन, स्वतः लिहिलेलं गाणं. शेवटचं लिहिणाऱ्याच्या नावानं द्या, बँडच्या नव्हे.

अर्जावर चार गोष्टी लागतात. बँडचं नाव आणि मंचावर येणाऱ्या प्रत्येकाचं नाव. नंतर बदल एकाच माणसाचा. किमान तिघं, आणि वाजणारं प्रत्येक वाद्य मंचावरच वाजायला हवं, नाहीतर लॅपटॉपवर ट्रॅक लावून दोघं जण 'बँड' म्हणून येतात. एक माणूस एकाच बँडात. बेळगावात ड्रमर कमी, एकच जण तिघांकडं बसतो आणि मग वेळापत्रक कोलमडतं. आणि अर्जाची शेवटची तारीख तासासकट.

मतदान नको, गुण द्या. तीन परीक्षक, त्यातला एक तरी जड गिटार ऐकून फरक सांगू शकणारा आणि एक तरी मराठी-कन्नड दोन्ही समजणारा. ताल आणि एकसंधपणा ४०, गायन २५, वादन २५, रचना किंवा मांडणी १०. प्रत्येक बँड उतरला की लगेच कागद गोळा करा. शेवटी एकदम गुण मागितले की पहिले तीन बँड कुणाच्या लक्षात नसतात.

कॅम्प_साउंडचेक

वेळेचं मी जोडतो. बारा बँड, प्रत्येकी १५ मिनिटं वाजवायला आणि १० मिनिटं बदलायला, म्हणजे सरळ पाच तास. रात्री दहाला स्पीकर बंद करावा लागतो, त्यामुळं पहिला बँड पाचला मंचावर हवा. साडेपाच झाले तर शेवटच्याची गाणी कापली जाणार.

ड्रम किट एकच, मंचावर मागं मधोमध, हलवायचं नाही. स्नेअर, सिंबल आणि किक पेडल ज्याचं त्यानं आणायचं, नाहीतर मेटलवाल्यांचं डबल पेडल बसवण्यात दहाची वीस मिनिटं जातात. बास आणि दोन गिटारांचे अँप सामाईक. ट्यूनिंग मंचावर येण्याआधी बाजूला. ज्यांची तार उतरवलेली असते त्यांनी दुसरी गिटार घेऊन यावं, मंचावर खुंट्या पिळत बसू नये. पूर्ण साउंडचेक सगळ्यांना मिळणं शक्य नाही, दोन मिनिटांचा लाइन चेक (एकेकाचा आवाज येतोय का एवढंच बघणं) पुरतो: किक, स्नेअर, बास, गिटारी, शेवटी गळा, याच क्रमानं. वेळापत्रकात जड वाजवणारे बँड सलग लावा. मिक्सरवर गिटारीची पातळी दर वेळी खालीवर करावी लागली की त्यांच्या मागून येणाऱ्या मवाळ बँडचा गायक ऐकूच येत नाही, आणि गुण मात्र त्याचेच कापले जातात.